लिस्प: ‘५ दिलं की चालतं, अंतर दिलं की अडतं’ – मॅक्रो आणि फंक्शनच्या घोळाचं निदान

आधी कोडच्या लिपीबद्दल. खालच्या तुकड्यांमध्ये लिस्पची स्वतःची नावं (डीफन, डेफमॅक्रो, लेट, इफ वगैरे) उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती आणि आकडे रोमन लिपीतच टाइप करायचे. भाडे, अंतर, किमी अशी आपण ठेवलेली नावं मात्र देवनागरीत राहिली तरी एसबीसीएल (कॉमन लिस्पचा एक कंपायलर) ती बिनतक्रार घेतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली हवी, एवढंच. उदाहरणं कॉमन लिस्पची आहेत आणि एरर एसबीसीएलमध्ये दिसतात तसे.

मॅक्रो लिहावा की फंक्शन, हा प्रश्न पुण्यात दोन प्रकारच्या लोकांना पडतो. एक म्हणजे सी शिकून लिस्पकडे आलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. दुसरे भोसरी-चिंचवडच्या डिझाइन ऑफिसांत ऑटोलिस्पवर (ऑटोकॅडमधल्या लिस्पवर) हात बसलेले आणि आता कॉमन लिस्प किंवा ईमॅक्स या एडिटरची लिस्प लिहू पाहणारे. दोघांच्या चुका वेगळ्या असतात, पण मुळाशी विचारायचा प्रश्न एकच असतो: ही ओळ नक्की कधी चालते?

लक्षण पहिलं: आकडा दिला की उत्तर येतं, व्हेरिएबल दिलं की एरर

रिक्षाचं भाडं काढायचं आहे. समजा पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.

```
(डेफमॅक्रो भाडे (किमी)
  (+ २५ (* १७ (मॅक्स ० (- किमी १.५)))))
```

(भाडे ५) लिहिलं की ८४.५ येतात. मग कोणी असं लिहितं:

```
(लेट ((अंतर ५))
  (भाडे अंतर))
```

आता डीबगर उघडतो आणि म्हणतो, ‘एरर असलेला फॉर्म चालवला गेला’. या संदेशावर वेळ घालवू नका. तो फक्त परिणाम सांगतो. खरं कारण त्याच्या वर, कंपायलरच्या आउटपुटमध्ये असतं: (भाडे अंतर) एक्सपांड करताना, म्हणजे मॅक्रो चालवून त्याच्या जागी त्यानं दिलेला कोड बसवताना, ‘अंतर’ ही किंमत नंबर या टाइपची नाही, असं तिथं लिहिलेलं सापडेल. स्क्रोल करून तिथपर्यंत जायची सवय लावली तर निम्मं काम झालं.

झालं काय? फंक्शनला हाक मारली की लिस्प आधी आर्ग्युमेंटची किंमत काढतो आणि ती किंमत फंक्शनला देतो. मॅक्रोला किंमत मिळत नाही, लिहिलेला कोड जसाच्या तसा मिळतो. ‘५’ हा कोड म्हणूनही पाचच असतो, म्हणून पहिला प्रयोग चालल्यासारखा वाटला. ‘अंतर’ हा कोड म्हणून एक सिंबल, म्हणजे नुसतं नाव आहे, आणि सिंबलमधून १.५ वजा होत नाही. शिवाय हे सगळं घडतं कंपाइल होताना. त्या घडीला लेट अजून चाललेलाच नसतो, त्यामुळे अंतरची किंमत ५ आहे हे कळायला मार्गच नसतो.

इथं बहुतेकजण बॅकक्वोट (`) लावून मोकळे होतात. त्यामागचा कोड न चालता तसाच परत जातो, फक्त स्वल्पविराम लावलेल्या जागी दिलेलं आर्ग्युमेंट बसतं:

```
(डेफमॅक्रो भाडे (किमी)
  `(+ २५ (* १७ (मॅक्स ० (- ,किमी १.५)))))
```

आता व्हेरिएबल दिलं तरी चालतं, कारण मॅक्रो स्वतः हिशेब न करता हिशेबाचा कोड परत देतो आणि तो कोड नंतर, रन होताना, चालतो. एरर गेला. तरीही हा उपाय चुकीचा आहे, आणि ते पुढच्याच लक्षणात उघडं पडतं.

लक्षण दुसरं: यादीवर फिरवायला गेलं की नाव सापडत नाही

स्वारगेटहून शिवाजीनगर, कोथरूड आणि हडपसर अशा तीन फेऱ्यांचं भाडं एकदम काढायचं आहे. अंतरं समजा ३, ५ आणि ८ किलोमीटर.

```
(मॅपकार #'भाडे '(३ ५ ८))
```

एसबीसीएल सांगतो की फंक्शनच्या जागी मॅक्रोचं नाव आढळलं. मॅपकार, फनकॉल, अप्लाय, सॉर्टचा की, रिड्यूस या सगळ्यांना रन होताना हातात धरता येईल असं फंक्शन लागतं. मॅक्रोचं काम तोवर संपलेलं असतं. एक्सपान्शन झालं की मागे उरतो तो फक्त त्यानं तयार केलेला कोड.

याचीच जुळी चूक म्हणजे (अप्लाय #'अँड यादी). ‘अँड’ आणि ‘ऑर’ हे मॅक्रो आहेत. सगळे घटक खरे आहेत का हे बघायला (एव्हरी #'आयडेंटिटी यादी) लिहा, एखादा तरी खरा आहे का हे बघायला (सम #'आयडेंटिटी यादी). मॅक्रोला लॅम्डात गुंडाळून मॅपकारला देता येतं, (लॅम्डा (क) (भाडे क)) असं, पण ती वेळ आली म्हणजे मुळात फंक्शन लिहायला हवं होतं हे ओळखा.

```
(एफमेकअनबाउंड 'भाडे)

(डीफन भाडे (किमी)
  (+ २५ (* १७ (मॅक्स ० (- किमी १.५)))))
```

आता तिन्ही भाडी येतात: ५०.५, ८४.५ आणि १३५.५. पहिली ओळ विसरू नका. चालू सत्रात त्याच नावाचा मॅक्रो शिल्लक असताना वरून डीफन केला तर इशारे येतात, आणि नाव आता नक्की कशाचं आहे याचा गोंधळ वाढतो. जुनी व्याख्या आधी पुसलेली बरी. हे नाव वापरणारी जी फंक्शनं आधी कंपाइल झाली आहेत त्यांच्यात जुना विस्तार शिजून बसलेला असतो, तीही पुन्हा कंपाइल करायची. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

‘मॅक्रो केला तर वेगात चालेल’ हे कारण आज टिकत नाही. फंक्शन-कॉलचा खर्च खरोखर खुपत असेल तर डीफनच्या आधी (डिक्लेम (इनलाइन भाडे)) लिहा. कॉलच्या जागी फंक्शनचा कोड बसतो, आणि मॅपकारलाही ते नाव चालतं.

निदान कुठून सुरू करायचं

कुठलंही नाव संशयास्पद वाटलं तर आधी ते काय आहे हे विचारा. (मॅक्रो-फंक्शन 'नाव) चं उत्तर निल नसेल तर ते मॅक्रो आहे. (स्पेशल-ऑपरेटर-पी 'नाव) खरं आलं तर ते भाषेच्या गाभ्यातलं आहे. कॉमन लिस्पच्या प्रमाणकात असे फक्त २५ स्पेशल ऑपरेटर आहेत. ‘इफ’ त्यातला. ‘व्हेन’, ‘कॉन्ड’, ‘सेटएफ’, ‘पुश’, ‘इन्कएफ’ हे सगळे मॅक्रो.

मग विस्तार बघा:

```
(मॅक्रोएक्सपांड-१ '(भाडे अंतर))
```

आतल्या फॉर्मच्या आधीचं अवतरणचिन्ह सुटलं तर लिस्प तो फॉर्म आधी चालवतो आणि त्याच्या उत्तरावर एक्सपांड करायला जातो. ही चूक इतक्यांदा होते की ‘मॅक्रोएक्सपांड चालतच नाही’ अशी तक्रार आली तर आधी अवतरणच तपासावं. नावातला ‘-१’ म्हणजे एकच पायरी. तो काढला तर बाहेरचा फॉर्म मॅक्रो उरत नाही तोवर विस्तार होत राहतो, पण आत दडलेले मॅक्रो तसेच राहतात. स्लाइममध्ये (ईमॅक्समधून लिस्प चालवायच्या जोडणीत) कर्सर फॉर्मवर नेऊन कंट्रोल-सी आणि एंटर दाबलं की एक पायरी दिसते. कंट्रोल-सी, मेटा-एम (मेटा म्हणजे सहसा ऑल्ट) दाबलं की आतपर्यंतचा सगळा विस्तार. मॅक्रो लिहिताना ही खिडकी कायम उघडी असावी. विस्तार न बघता मॅक्रो दुरुस्त करत बसणं म्हणजे नुसता अंदाज.

विस्तार समोर आला की काही एरर आपोआप उलगडतात. ‘किमी हे व्हेरिएबल अनबाउंड आहे’ असं रन होताना आलं तर बॅकक्वोटच्या आत किमीपुढचा स्वल्पविराम राहिला आहे. ‘इल्लीगल फंक्शन कॉल’ आलं तर बॉडी (मॅक्रोत गुंडाळायचा कोड) ‘,’ ने घातली आहे, यादीतले घटक सुटे करून बसवणारं ‘,@’ हवं होतं: विस्तारात ((प्रिंट ...) (प्रिंट ...)) अशी एका कंसाची जादा जोडी दिसेल, आणि लिस्प तिच्या पहिल्या घटकाला फंक्शन समजू पाहतो.

लक्षण तिसरं: इफसारखं फंक्शन लिहिलं, दोन्ही बाजू चालतात

हे वरच्याच्या बरोबर उलट आहे. मॅक्रो हवा होता तिथं फंक्शन झालं.

```
(डीफन रात्री-असल्यास (रात्र-का काम)
  (इफ रात्र-का काम निल))

(रात्री-असल्यास निल (प्रिंट "सव्वापट भाडं"))
```

रात्र नसतानाही ‘सव्वापट भाडं’ छापलं जातं, कारण फंक्शनमध्ये शिरण्यापूर्वीच दोन्ही आर्ग्युमेंटच्या किमती काढल्या जातात. आतला इफ बिचारा अगदी बरोबर काम करतो, पण उशिरा. हेच फंक्शन रिकर्सिव्ह कॉलभोवती वापरलं तर थांबायची अट कधी तपासलीच जात नाही आणि ‘कंट्रोल स्टॅक एक्झॉस्टेड’ येतं. स्टॅक वाढवून हे सुटत नाही.

उपाय दोन आहेत. मॅक्रो:

```
(डेफमॅक्रो रात्री-असल्यास (रात्र-का &बॉडी बॉडी)
  `(इफ ,रात्र-का (प्रॉगन ,@बॉडी) निल))
```

किंवा फंक्शनच ठेवायचं, पण काम लॅम्डात गुंडाळून द्यायचं आणि आत (फनकॉल काम) करायचं. एकदोन ठिकाणीच वापर असेल तर लॅम्डा पुरे. वीस ठिकाणी लॅम्डा लिहून कंटाळा आला की मॅक्रो करा.

लक्षण चौथं: चौरसाचं उत्तर भलतंच

सी शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. सीमध्ये ‘क गुणिले क’ असा मॅक्रो लिहून त्याला २+३ दिलं की अकरा येतात, कारण प्रीप्रोसेसर नुसता मजकूर चिकटवतो आणि गुणाकार आधी होतो. म्हणून सीवाले प्रत्येक ठिकाणी कंस घालतात. लिस्पमध्ये ही भानगडच नाही. मॅक्रोला मजकूर मिळत नाही, आधीच कंसांत बांधलेली यादी मिळते. (चौरस (+ २ ३)) चे पंचवीसच येणार. मग माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतो:

```
(डेफमॅक्रो चौरस (क) `(* ,क ,क))

(लेट ((न ३))
  (चौरस (इन्कएफ न)))
```

अपेक्षा १६ ची, येतात २०, आणि न होतो ५. विस्तार आहे (* (इन्कएफ न) (इन्कएफ न)). पहिला ४ देतो, दुसरा ५. सीमध्ये असा प्रकार काय उत्तर देईल याची हमी नसते. कॉमन लिस्पमध्ये आर्ग्युमेंट डावीकडून उजवीकडेच चालतात, त्यामुळे उत्तर दरवेळी सारखंच चुकतं. ही एक सोयच म्हणायची. इन्कएफच्या जागी डेटाबेसची क्वेरी किंवा फाइलमधली ओळ वाचणं असेल तर चूक दिसत नाही, फक्त काम दुप्पट होतं किंवा एक ओळ गायब होते.

चौरसासाठी खरा उपाय म्हणजे फंक्शन. मॅक्रोच लागत असेल तर आर्ग्युमेंट एकदाच चालवून नव्या नावात ठेवा. कोणाशीही न आपटणारं असं नाव जेनसिम देतो:

```
(डेफमॅक्रो चौरस (क)
  (लेट ((ग (जेनसिम)))
    `(लेट ((,ग ,क))
       (* ,ग ,ग))))
```

बाहेरचा लेट मॅक्रो एक्सपांड होताना चालतो, बॅकक्वोटमधला लेट कोड रन होताना. दोन लेट एकाखाली एक दिसले की सुरुवातीला डोकं गरगरतं. प्रत्येकापुढे मनात ‘हा कधी?’ असं विचारलं की उलगडतं. अलेक्झांड्रिया लायब्ररीतले ‘वन्स-ओन्ली’ आणि ‘विथ-जेनसिम्स’ हीच लिखापढी आटोपशीर करून देतात.

लक्षण पाचवं: अदलाबदल होतच नाही, एररही नाही

```
(डेफमॅक्रो बदल (अ ब)
  `(लेट ((तात्पुरतं ,अ))
     (सेटएफ ,अ ,ब
            ,ब तात्पुरतं)))
```

(बदल क्ष य) मस्त चालतं. मग कोणाच्या तरी कोडमध्ये ‘तात्पुरतं’ याच नावाचं व्हेरिएबल असतं. समजा तात्पुरतं १ आहे आणि दुसरं २. (बदल तात्पुरतं दुसरं) केलं की आतला लेट बाहेरच्या तात्पुरतंला झाकतो, २ आतल्या प्रतीत जातो, तोच दुसरंमध्ये परत येतो, आणि लेट संपला की सगळं जसं होतं तसं. १ आणि २ जागच्या जागी. आर्ग्युमेंट उलटे दिले तरी तेच. एरर नाही, इशारा नाही.

याला व्हेरिएबल कॅप्चर म्हणतात. ‘तात्पुरतं’ऐवजी ‘तात्पुरतं-९९’ ठेवणं हा उपाय नव्हे. जेनसिम दरवेळी असा सिंबल देतो जो दुसऱ्या कोणाच्या कोडमध्ये असूच शकत नाही. विस्तारात तो #: ने सुरू होताना दिसतो. (अदलाबदलीसाठी ‘रोटेटएफ’ तयारच आहे, स्वतःचा मॅक्रो लिहूच नका. इथं तो फक्त दाखवायला घेतला.)

या चुकीचा एक चकवा नीट समजून घेण्यासारखा आहे. पॅकेज म्हणजे नावांचा वेगळा गट, आणि सिंबल पॅकेजनुसार वेगळे असतात. मॅक्रो एका पॅकेजमध्ये आणि त्याच्या टेस्ट दुसऱ्या पॅकेजमध्ये असतील, तर टेस्टमधला ‘तात्पुरतं’ आणि मॅक्रोमधला ‘तात्पुरतं’ हे निराळे सिंबल ठरतात. मग कॅप्चर होत नाही आणि टेस्ट हिरव्या दिसतात. चूक फुटते ती मॅक्रो लिहिलेल्या पॅकेजमध्येच तो वापरला की. म्हणून कॅप्चर तपासायची टेस्ट मॅक्रोच्याच पॅकेजमध्ये लिहा.

हीच गोष्ट मुद्दाम कॅप्चर करणाऱ्या मॅक्रोंना उलटी बाधते. अटीचं उत्तर बॉडीमध्ये ‘ते’ या नावानं हजर करणारा मॅक्रो बऱ्याच जणांना आवडतो. तो दुसऱ्या पॅकेजमधून वापरला की ‘ते अनबाउंड आहे’ असा एरर येतो, कारण वापरणाऱ्याचा ‘ते’ वेगळा. मॅक्रोच्या नावासोबत तो सिंबलही एक्सपोर्ट करावा लागतो. त्यापेक्षा नाव वापरणाऱ्यालाच ठरवू द्यावं हे बरं, म्हणजे कोड वाचणाऱ्याला ‘ते’ कुठून आलं हे शोधत बसावं लागत नाही.

लक्षण सहावं: मॅक्रो दुरुस्त केला, वागणूक जुनीच

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हा. फंक्शन बदलून कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं की पुढच्या कॉलपासून नवं चालतं (ते इनलाइन केलेलं नसेल तर), कारण कॉल करणारा दरवेळी नावावरून फंक्शन शोधतो. मॅक्रोचं तसं नाही. तो वापरणारं फंक्शन ज्या दिवशी कंपाइल झालं त्या दिवशीचा विस्तार त्यात कायमचा बसतो. मॅक्रो दहा वेळा बदला, त्या फंक्शनला पत्ता नसतो. माणूस मग बरोबर असलेला मॅक्रो आणखी बदलत बसतो.

पायऱ्या अशा. कर्सर मॅक्रोच्या नावावर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-डब्ल्यू, एम दाबा. हा मॅक्रो कुठं कुठं एक्सपांड झाला आहे त्याची यादी स्लाइम देतं. त्या यादीच्या खिडकीत कंट्रोल-सी कंट्रोल-के दाबलं की सगळी ठिकाणं पुन्हा कंपाइल होतात. एकच हवं असेल तर त्या ओळीवर कंट्रोल-सी कंट्रोल-सी.

एएसडीएफनं (लिस्पच्या फाइली क्रमानं कंपाइल आणि लोड करणाऱ्या साधनानं) बांधलेल्या प्रोजेक्टमध्ये मॅक्रोची फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइली आपोआप पुन्हा कंपाइल व्हायला हव्यात. होत नसतील तर सिस्टीमच्या व्याख्येत ते अवलंबित्व लिहिलेलंच नाही. ‘:सिरियल टी’ घाला किंवा त्या फाइलपुढे ‘:डिपेंड्स-ऑन’ मध्ये मॅक्रोच्या फाइलचं नाव द्या. तातडीची सोडवणूक म्हणून लोड-सिस्टीमला ‘:फोर्स टी’ द्या, म्हणजे त्या सिस्टीमच्या सगळ्या फाइली नव्यानं कंपाइल होतील. जुन्या फॅसल (कंपाइल केलेल्या) फाइली होम फोल्डरमधल्या कॅशमध्ये असतात. त्या हातानं उडवल्या तरी चालतं, पण व्याख्येतली चूक तशीच राहून चार दिवसांनी पुन्हा भेटते.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे मॅक्रो शक्य तितका पातळ ठेवणं आणि काम फंक्शनकडे सोपवणं:

```
(डीफन कॉल-वेळ-मोजून (नाव काम)
  (लेट ((सुरुवात (गेट-इंटर्नल-रिअल-टाइम)))
    (अनवाइंड-प्रोटेक्ट
        (फनकॉल काम)
      (प्रिंट (लिस्ट नाव
                   (- (गेट-इंटर्नल-रिअल-टाइम) सुरुवात))))))

(डेफमॅक्रो वेळ-मोजून ((नाव) &बॉडी बॉडी)
  `(कॉल-वेळ-मोजून ,नाव (लॅम्डा () ,@बॉडी)))
```

वापरताना (वेळ-मोजून ("हडपसर") ...) एवढंच लिहायचं. मॅक्रो फक्त बॉडीला लॅम्डात गुंडाळतो. उद्या वेळ सेकंदांत छापायची ठरली, किंवा छापण्याऐवजी फाइलमध्ये लिहायची, तर बदल फंक्शनमध्ये होतो आणि वापरणाऱ्या कोणालाही पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. नावं आपटण्याचा प्रश्नही मिटतो, कारण ‘सुरुवात’ हे व्हेरिएबल फंक्शनच्या आत आहे आणि बॉडीला ते दिसतच नाही. जेनसिमची गरज पडली नाही ती त्यामुळे. फंक्शन आधी लिहून त्याची टेस्ट करता येते हा आणखी एक फायदा. मॅक्रो लिहायचा म्हटलं की आधी हा साचा वापरून बघावा. जमलं नाही तरच मोठा मॅक्रो.

लक्षण सातवं: रेपलमध्ये चालतं, फाइल कंपाइल केली की फुटतं

रेपल म्हणजे एकेक फॉर्म टाइप करून लगेच चालवायची जागा. या लक्षणाची दोन कारणं असतात. पहिलं क्रमाचं. फाइलमध्ये मॅक्रोचा वापर वर आणि डेफमॅक्रो खाली असेल, तर कंपायलर वरच्या ओळीला साधा फंक्शन-कॉल समजून पुढे जातो. बॉडी म्हणून दिलेले भाग तो आर्ग्युमेंट म्हणून कंपाइल करतो, त्यामुळे ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ असे न समजणारे इशारेही येतात. पुढे डेफमॅक्रो भेटला की ‘हे नाव आधी फंक्शन धरलं होतं’ अशा अर्थाचा इशारा येतो. तो वाचला की कारण तिथंच कळतं. मॅक्रो वर हलवा, किंवा मॅक्रोंची वेगळी फाइल करून ती आधी लोड करा.

दुसरं कारण जास्त फसवं. मॅक्रो एक्सपांड होताना एखाद्या मदतनीस फंक्शनला हाक मारतो आणि ते फंक्शन त्याच फाइलमध्ये डीफननं लिहिलेलं असतं. फाइल कंपाइल होताना डेफमॅक्रो लगेच उपलब्ध होतो, डीफन होत नाही. त्याचा फक्त कोड तयार होतो, व्याख्या फॅसल लोड झाल्यावर. मग त्याच फाइलमध्ये मॅक्रोचा वापर आला की ‘अनडिफाइन्ड फंक्शन’. रेपलमध्ये एकेक फॉर्म चालवत गेलात तर मदतनीस आधीच तयार असतो, म्हणून तिथं कळत नाही. तुमच्या चालू सत्रात तो आधीपासून पडून असेल तर फाइलही निमूट कंपाइल होते, आणि फुटते ती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर. ‘माझ्याकडे तर चालतं’ या वाक्यामागे लिस्पमध्ये बहुतेकदा हेच असतं.

```
(इव्हॅल-व्हेन (:कंपाइल-टॉपलेव्हल :लोड-टॉपलेव्हल :एक्झिक्यूट)
  (डीफन दर-शोध (मार्ग) ...))
```

तिन्ही शब्द लिहा, एकही गाळू नका. विस्तार होताना वाचल्या जाणाऱ्या डेफपॅरामीटरलाही हेच लागू. पण मदतनीसाचं नाव फक्त विस्तारातून बाहेर पडणाऱ्या कोडमध्ये येत असेल, म्हणजे तो रन होतानाच चालणार असेल, तर इव्हॅल-व्हेनची काही गरज नाही. घाबरून सगळी फाइल त्यात गुंडाळलेली बघायला मिळते. त्यानं एरर जातो, पण कुठलं फंक्शन कधी लागतं हा हिशेबही हरवतो.

तपासणी एकच: नवं एसबीसीएल सुरू करा, काहीही आधी लोड न करता, आणि ‘:फोर्स टी’ देऊन पूर्ण सिस्टीम बांधा. कोड दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी हे करायलाच हवं.

जाता जाता: मॅक्रोच्या आत, एक्सपांड होताना, मोजणी वाढवणं किंवा जागतिक यादीत पुश करणं टाळा. एकच वापर किती वेळा एक्सपांड होईल याची हमी भाषा देत नाही, आणि फॅसल लोड करताना तर तो एकदाही होत नाही.

ऑटोलिस्प, क्लोजर, स्कीम, ईमॅक्स

ऑटोलिस्पमध्ये डेफमॅक्रो नाहीच. ऑटोकॅडमध्ये ‘मॅक्रो’ म्हणतात ते मेन्यू किंवा बटणामागे साठवलेल्या कमांडच्या ओळीला. तिचा या मॅक्रोशी संबंध नाही. त्यामुळे कॉमन लिस्पमधला डेफमॅक्रो ऑटोलिस्पच्या फाइलमध्ये उतरवला तर ते नाव अनोळखी फंक्शन म्हणून एरर देणार. तिथं लॅम्डाला अवतरण लावून पाठवणं आणि आत अप्लाय किंवा इव्हॅल करणं एवढाच मार्ग आहे, आणि व्हेरिएबलची व्याप्ती डायनॅमिक असल्यानं नावं आपटण्याची भीती तिथं फंक्शनमध्येसुद्धा असते. डीफनच्या आर्ग्युमेंट यादीत तिरप्या रेषेनंतर स्थानिक नावं लिहायला विसरू नका.

क्लोजर या लिस्पच्या बोलीत बॅकक्वोटच्या आत नावाच्या शेवटी # लावलं की जेनसिम आपोआप होतो. चुकून # न लावता लेट लिहिला तर नाव नेमस्पेससकट येतं आणि कंपायलर ते नाकारतो, म्हणजे कॅप्चरची चूक शांतपणे निसटत नाही. स्कीम या दुसऱ्या बोलीच्या सिंटॅक्स-रूल्समध्ये नावांची काळजी भाषाच घेते, मात्र एकच आर्ग्युमेंट दोनदा चालण्याची चूक तिथंही तशीच होते.

ईमॅक्समध्ये ‘इनव्हॅलिड फंक्शन’ असा एरर एखाद्या पॅकेजच्या अपडेटनंतर आला, तर बहुतेकदा बाइट-कंपाइल होताना मॅक्रो लोड झालेला नव्हता. कंपायलरनं त्याला फंक्शन धरलं, आणि रन होताना तिथं मॅक्रो सापडला. स्वतःचं पॅकेज असेल तर फाइलच्या सुरुवातीला मॅक्रोवाल्या लायब्ररीचा ‘रिक्वायर’ घाला. फक्त मॅक्रोच हवे असतील तर तो ‘इव्हॅल-व्हेन-कंपाइल’ मध्ये ठेवा. दुसऱ्याचं पॅकेज असेल तर त्याच्या फोल्डरमधल्या कंपाइल केलेल्या फाइली काढून टाका, ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडा, आणि कंट्रोल-यू ० देऊन ‘बाइट-रिकंपाइल-डिरेक्टरी’ चालवा. शून्य दिलं की ज्यांची कंपाइल केलेली प्रत शिल्लक नाही अशा फाइलीही न विचारता कंपाइल होतात. ते दिलं नाही तर आत्ताच साफ केलेल्या फाइली ईमॅक्स वगळून पुढे जातो.